रांगेतलं विमान

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण कामाला येते एका वेळी एकच. ०९/२७ ही लांब पट्टी आणि १४/३२ ही तिच्याहून आखूड पट्टी एकमेकींना छेदून जातात. एकीवर विमान उतरत असेल तर दुसरीवरून उड्डाण सोडता येत नाही. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात इथे विमानांची १,०३२ वेळा ये-जा झाली. चोवीस तासांची सरासरी काढली तर साधारण दर ८४ सेकंदांना एक विमान पट्टीला टेकलं किंवा पट्टी सोडून वर गेलं. आता हाच विमानतळ घरच्या संगणकावर, फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उघडावा. उपग्रहचित्रांवरून बेतलेली कुर्ला-अंधेरीची छपरं दिसतात, मिठी नदी दिसते, टर्मिनलचं छत दिसतं, पश्चिमेकडून चढत येणारे पावसाळी ढग दिसतात. मात्र इतर विमानांची सोय बंद असेल तर एवढ्या मोठ्या आवारात आपण एकटेच असतो. हवं तेव्हा इंजिन सुरू करावं, हवं तेव्हा निघावं, हव्या त्या टोकाकडून उतरावं. चित्र मुंबईचं असतं आणि वागणूक माळरानावरच्या ओसाड पट्टीची.

हे ओसाडपण घालवण्यासाठी सिम्युलेटरमध्ये संगणकानं चालवलेली विमानं सोडतात. शौकिनांच्या बोलीत त्यांना ‘एआय ट्रॅफिक’ म्हणतात. यातलं एआय आजच्या चॅटबॉटच्या कितीतरी आधीचं, ठरलेल्या नियमांवर चालणारं आहे. बाहेरच्या माणसाला हा सजावटीचा भाग वाटतो: झाडं लावली, दिवे लावले, तशी चार विमानंही उभी केली. शौकिनांपैकीही पुष्कळांचा समज असाच आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे. विमानतळाचं खरं स्वरूप त्याच्या इमारतींत नसून त्याच्या वेळापत्रकात आणि रांगेत असतं. पट्टी, टॅक्सीवे आणि विमान उभं करण्याच्या जागा या तिन्ही गोष्टी मोजक्या असतात आणि मागणारे अनेक असतात. त्या कशा वाटून द्यायच्या याची व्यवस्था म्हणजे विमानतळ. त्यामुळे सिम्युलेटरमध्ये रहदारी घालणं म्हणजे त्या व्यवस्थेचे नियम स्वतः लिहून पाहणं. हे काम हातानं, ओळीओळीनं केलं तर विमानतळाबद्दल जेवढं कळतं तेवढं सुंदर दृश्यातून कधीच कळत नाही.

या सोयीचा इतिहास पाहिला की सजावट आणि व्यवस्था यांतला फरक स्पष्ट होतो. ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक या कंपनीनं १९७९-८० च्या सुमारास घरगुती संगणकासाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर काढला. १९८२ मध्ये त्याचाच वारसा मायक्रोसॉफ्टच्या नावानं बाजारात आला. रेघारेघांच्या शिकागोमध्ये मिशिगन सरोवराकाठच्या मेग्ज फील्डवरून त्यातलं उड्डाण सुरू व्हायचं. १९८९ च्या चौथ्या आवृत्तीत हलती दृश्यं आली. दुसरी विमानं दिसू लागली, पण ती आखलेल्या वाटेवरून फिरत राहायची. त्यांना ना कुठे पोहोचायचं होतं, ना कोणासाठी थांबायचं होतं. खरा बदल २००१ च्या अखेरीस आलेल्या फ्लाइट सिम्युलेटर २००२ मध्ये झाला. त्यात हवाई वाहतूक नियंत्रक बोलू लागला आणि त्याच्या आज्ञेत वागणारी, स्वतःचा फ्लाइट प्लॅन असलेली विमानं आली. ती गेटपासून निघायची, टॅक्सी करायची, पट्टीच्या तोंडाशी थांबायची, परवानगी मिळाली की उडायची. आपलं विमानही त्याच नियंत्रकाच्या हिशेबात धरलेलं असायचं. पुढचं विमान पट्टीवरून हटलं नसेल तर आपल्यालाही थांबावं लागे. वापरणाऱ्याला पहिल्यांदाच रांगेत उभं केलं गेलं. पुढे २००३ च्या आणि २००६ च्या आवृत्त्यांत हीच यंत्रणा थोड्याफार फरकानं चालू राहिली.

मात्र त्या विमानांवरची नावं काल्पनिक होती. ऑर्बिट, पॅसिफिका, लँडमार्क, वर्ल्ड ट्रॅव्हल अशा जगात कुठेही नसलेल्या कंपन्यांची विमानं मुंबईतही उतरत आणि माद्रिदमध्येही. खऱ्या विमान कंपन्यांचं काम शौकिनांनी अंगावर घेतलं. प्रोजेक्ट एआय, वर्ल्ड ऑफ एआय आणि पुढे अल्फा इंडिया ग्रुप अशा स्वयंसेवी गटांनी एकेका कंपनीचा ताफा, रंगसंगती आणि वेळापत्रक जमवलं आणि फुकट वाटलं; अल्टिमेट ट्रॅफिक, मायट्रॅफिक यांसारखी विकतची पॅकेजंही आली. या सगळ्याच्या मुळाशी तीन साध्या मजकुरी याद्या असत: विमानांची, विमानतळांची आणि फेऱ्यांची. फेऱ्यांच्या यादीत एका ओळीला एक विमान. त्याचा नोंदणी क्रमांक, आठवड्याचं चक्र, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, उंची, फ्लाइट क्रमांक, मग पुढचा मुक्काम, पुन्हा वेळ, पुन्हा मुक्काम. ही यादी एका छोट्या प्रोग्रॅममधून सिम्युलेटरला कळेल अशा फाइलमध्ये रूपांतरित करायची. विमानाच्या नावात एक अक्षर चुकलं तरी ते विमान आकाशात येत नाही, आणि सिम्युलेटर तक्रारही करत नाही.

अशी एक ओळ लिहिताना विमान वाहतुकीतली एक मूलभूत गोष्ट समोर येते: कंपन्या फेऱ्या विकतात, पण चालवतात विमानं. मुंबई-नागपूर ही प्रवाशाच्या दृष्टीनं एक स्वतंत्र फेरी असते. विमानाच्या दृष्टीनं मात्र ती दिवसभराच्या साखळीतली एक कडी असते. तेच विमान नागपूरहून दिल्लीला, दिल्लीहून आणखी कुठे आणि रात्री परत तळावर जाणार असतं. साखळी जुळली नाही तर विमान एका गावात उतरतं आणि दुसऱ्याच गावातून उडायला हवं असतं. संध्याकाळची विमानं सकाळच्या विमानांपेक्षा जास्त का रखडतात, याचं उत्तर या ओळीतच असतं: सकाळी गेलेली वीस मिनिटं प्रत्येक मुक्कामावर पुढे सरकत जातात. वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहाव्या लागतात, त्यामुळे भारतातल्यांना आणखी एक पेच पडतो. आपण साडेपाच तास पुढे. सोमवारी पहाटे सव्वादोनला मुंबईहून आखातात किंवा युरोपात जाणारं विमान यादीत रविवारी २०.४५ ला सुटतं. पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक फेरी आदल्या वारात जाते. मुंबईची आंतरराष्ट्रीय गर्दी मध्यरात्रीनंतरचीच असल्यामुळे हा हिशेब चुकला तर ऐन गर्दीची विमानं भलत्या वारी येतात. आपली मध्यरात्र युरोपातल्या सकाळच्या पोहोचण्यासाठी वेठीला धरलेली आहे, हे या वजाबाकीत जितकं लख्ख दिसतं तितकं तिकिटावर दिसत नाही.

वेळापत्रक झालं की विमानतळाची फाइल. सिम्युलेटरमधला विमानतळ दिसतो तसा संगणकाच्या विमानांना दिसत नसतो. त्यांच्यासाठी तो बिंदू आणि रेघांचं जाळं असतो. टॅक्सीवेच्या रेघा एकमेकींना जोडलेल्या हव्यात. एक सांधा सुटला की गेटवरचं विमान वाट न सापडून तिथेच बसतं. पट्टीच्या अलीकडे थांबण्याचा बिंदू योग्य अंतरावर हवा. तो पुढे सरकला तर थांबलेल्या विमानाचं नाक पट्टीत येतं आणि उतरणाऱ्याला पुन्हा वर जावं लागतं. प्रत्येक पार्किंगच्या जागेला त्रिज्या आणि कोणत्या कंपन्यांसाठी ती राखली आहे त्यांची सांकेतिक अक्षरं द्यावी लागतात. एअरबस ए३२० च्या पंखांचा विस्तार जवळपास ३६ मीटर, बोइंग ७७७-३०० ईआरचा जवळपास ६५ मीटर, एअरबस ए३८० चा जवळपास ८० मीटर. मोठ्या विमानाला पुरेल अशी जागा शिल्लक नसेल तर जुन्या सिम्युलेटरांत ते उतरल्यावर सरळ नाहीसं होतं. खऱ्या जगात विमान नाहीसं करता येत नाही. तिथे ते टॅक्सीवेवर उभं राहतं आणि त्याच्यामागे दुसरी अडकतात. नाहीसं झालेलं प्रत्येक विमान म्हणजे खऱ्या विमानतळावर कोणीतरी घेतलेला एक निर्णय असतो: त्याला कुठे उभं करायचं, कोणाला हलवायचं, कोणाला मुळात येऊच द्यायचं नाही.

यातूनच क्षमतेचा प्रश्न उभा राहतो. हौशी माणूस पहिल्यांदा मुंबईची सगळी विमानं एकत्र सोडतो तेव्हा आकाशाची दैना होते. फ्लाइट सिम्युलेटर एक्सच्या, म्हणजे २००६ च्या आवृत्तीच्या, नियंत्रकाला विमानं एका ठिकाणी घिरट्या घालत थांबवून ठेवणं येत नाही. तो त्यांना एकामागोमाग पट्टीकडे आणतो, पुढचं विमान वेळेत बाहेर पडत नाही आणि मागचं गो-अराउंड करतं, म्हणजे न उतरता पुन्हा वर जातं. ते फिरून परत रांगेत येतं, रांग आणखी लांबते. खेळातला हा गोंधळ मुंबईच्या खऱ्या अडचणीचंच अतिरंजित रूप आहे. २०२४ च्या सुरुवातीला मुंबईतल्या गर्दीच्या तासांतली हालचाल ताशी ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळची ४४ वरून ४२ वर आणली गेली. त्यामागची सरकारी कारणमीमांसा अशी होती की विमानांना ४० ते ६० मिनिटं आकाशात घिरट्या घालाव्या लागत होत्या आणि एक विमान ताशी सरासरी २,००० किलो इंधन जाळतं. तासाला दोन विमानं कमी करून काय साधणार, असा प्रश्न वर्तमानपत्र वाचताना कोणालाही पडेल. स्वतःच्या यादीतून दोन ओळी काढून पाहिल्या की उत्तर मिळतं. पूर्ण भरलेल्या रांगेत एका विमानाचा उशीर मागच्या प्रत्येकाला भोगावा लागतो. थोडी मोकळीक ठेवली की तो उशीर तिथेच जिरतो. क्षमतेच्या शेवटच्या टोकाला गणित सरळ रेषेत चालत नाही, हे कळायला यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा नाही.

पट्टीची निवड हाही असाच धडा आहे. सिम्युलेटरचा नियंत्रक वाऱ्याकडे पाहतो आणि वाऱ्याला सामोरी पट्टी उघडतो. मुंबईत खरा नियंत्रक वाऱ्याबरोबर आणखी बरंच काही पाहतो: कोणती पट्टी लांब आहे, कोणत्या पट्टीवरून विमान लवकर बाहेर पडू शकतं, १४/३२ च्या आग्नेय टोकापुढे ट्रॉम्बेच्या टेकड्या आहेत. म्हणून वारा थोडा आडवा असला तरी काम शक्यतो मोठ्या पट्टीवर चालतं. हे सिम्युलेटरला शिकवायचं तर विमानतळाच्या फाइलमध्ये दुसऱ्या पट्टीची टोकं उतरण्यासाठी किंवा उड्डाणासाठी बंद करावी लागतात. पुणे आणि गोवा इथे प्रश्न आणखी वेगळा. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. दाबोळीला आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या उड्डाणांसाठी राखलेले असत, आणि त्या पोकळीच्या आधी-नंतर नागरी विमानांची दाटी होई. ही पोकळी कोणत्याही उपग्रहचित्रात दिसत नाही. ती वेळापत्रकातच सापडते. गोव्यातच मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये का सुरू झाला याची अर्धी कहाणी त्या रिकाम्या तासांत आहे.

रहदारी हा उड्डाणाचा गाभा आहे, याचा पुरावा अपघातांच्या इतिहासातही आहे आणि तो फार कठोर आहे. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या लॉस रोडिओस विमानतळावर दोन बोइंग ७४७ एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीतली ती आजवरची सर्वांत मोठी टक्कर. त्या दिवशी शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बाँबस्फोट झाल्यामुळे तिकडची विमानं या छोट्या विमानतळावर वळवली होती. उभ्या विमानांनी टॅक्सीवे अडवला होता, म्हणून विमानांना पट्टीवरूनच मागे जावं लागत होतं. धुकं, संवादातली गफलत, घाई ही कारणं होतीच. पण त्या सगळ्यांना एका पट्टीवर आणून ठेवलं ते पार्किंगच्या टंचाईनं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीत येणारी आणि दिल्लीहून जाणारी विमानं तेव्हा एकाच मार्गिकेतून, वेगवेगळ्या उंचीवरून सोडली जात. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं. त्यानंतर भारतात टक्कर टाळण्याची इशारा यंत्रणा विमानांत सक्तीची झाली. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान पट्टीवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. मोठ्या विमानातले सर्व ३७९ जण वाचले, छोट्या विमानातले पाच जण गेले. या तिन्ही ठिकाणी विमान चालवण्याचं तंत्र अवगत नसलेला एकही वैमानिक नव्हता. घात झाला तो दुसरं विमान कुठे आहे या प्रश्नावर. ज्या सिम्युलेटरमध्ये दुसरं विमानच नाही त्यात हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणजे उड्डाणाचा एक मोठा भाग त्यात नसतो.

यावर पहिला आणि आजच्या घडीला सर्वांत जोरदार आक्षेप असा: आता हे सगळं हातानं करायची गरज काय? २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरपासून खऱ्या विमानांची त्या क्षणाची माहिती इंटरनेटवरून थेट सिम्युलेटरमध्ये येते. विमानं स्वतःची जागा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत जाहीर करत असतात; जमिनीवरचे रिसीव्हर ते टिपतात; ते पाहून तुमच्या पडद्यावर तीच विमानं तिथेच उडतात. यापेक्षा खरं काय असणार? पण या खरेपणात एक अडचण आहे आणि ती तांत्रिक प्रगतीनं सुटणारी नाही. थेट आलेल्या विमानाशी सिम्युलेटर दोनच प्रकारे वागू शकतो. एक तर त्याला खऱ्या वाटेवरून जसंच्या तसं चालवायचं. मग त्याला तुम्ही दिसत नाही, तुम्ही पट्टीवर उभे असलात तरी ते तुमच्या अंगावर उतरेल, कारण खऱ्या पट्टीवर तुम्ही नव्हताच. नाहीतर पट्टीजवळ आल्यावर त्याला सिम्युलेटरच्या नियमांच्या ताब्यात द्यायचं. मग ते तुमच्यासाठी थांबेल, पण त्या क्षणी ते थेट राहत नाही, जुन्या एआय ट्रॅफिकसारखंच होतं. म्हणजे रांगेत तुम्हाला सामावून घ्यायचं तर नियम हवेतच. शिवाय गेटवर इंजिन आणि रेडिओ बंद करून उभी असलेली विमानं काहीच जाहीर करत नाहीत. थेट माहितीच्या भरवशावर राहिलं तर पहाटेच्या विमानतळावर पार्किंग ओसाड दिसतं. गाड्या आगारात नाहीत आणि थेट फलाटावर उगवतात अशा एसटी स्टँडसारखा तो प्रकार होतो. म्हणून थेट माहिती देणाऱ्या चांगल्या साधनांनाही पोटात एक वेळापत्रक, एक ताफा आणि रंगसंगतीचा साठा बाळगावाच लागतो, आणि तो साठा बहुधा याच स्वयंसेवकांनी तयार केलेला असतो.

दुसरा आक्षेप माणसांच्या बाजूनं येतो. व्हॅटसिम, आयव्हीएओ यांसारखी जाळी वीस-पंचवीस वर्षांपासून चालू आहेत. तिथे विमानं माणसं चालवतात आणि नियंत्रकही माणूसच असतो. प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन तो त्या जागेवर बसतो. वैमानिकानं सूचना चुकीची परत म्हटली तर सुधारतो, गर्दी झाली तर घिरट्या घालायला लावतो. संगणकाचा नियंत्रक त्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे मान्यच करायला हवं. संवाद शिकायचा असेल तर तिथेच जावं. पण माणसं फावल्या वेळात येतात. एखाद्या शनिवारी संध्याकाळी ठरवून केलेल्या कार्यक्रमात एखादा विमानतळ ओसंडून वाहतो, आणि मंगळवारी पहाटे तीन वाजता, जेव्हा खरी मुंबई सर्वांत जास्त आंतरराष्ट्रीय विमानं सोडत असते, तेव्हा त्या जाळ्यातली मुंबई सुनी असते. माणसांच्या जाळ्यात शिस्त खरी असते, वेळापत्रक नसतं. नियमांच्या रहदारीत वेळापत्रक खरं असतं, शिस्त तोकडी. विमानतळ समजून घ्यायचा तर दोन्हींपैकी वेळापत्रकाला मी वरचं स्थान देईन, कारण शिस्त कशासाठी लागते हे वेळापत्रकच सांगतं.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खोटी रहदारी खोट्या सवयी लावते. वैमानिकांच्या प्रशिक्षणात ही भीती जुनी आहे. सिम्युलेटरमध्ये चुकीचं शिकलेलं विसरायला जास्त कष्ट पडतात. घरगुती सिम्युलेटरचा नियंत्रक विमानं फार जवळ आणतो. खऱ्या जगात मोठ्या विमानाच्या पंखांमागे उसळणारी हवा मागच्याला उलथवू शकते, म्हणून अवजड विमानामागे मध्यम वजनाच्या विमानाला पाच सागरी मैल आणि हलक्याला सहा सागरी मैल अंतर राखण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. घरगुती खेळात हे अंतर पाळलं जाईलच असं नाही. हा आक्षेप अंतरं, वाक्प्रयोग आणि वेग यांच्याबाबतीत खरा आहे. त्या गोष्टी तिथे शिकू नयेत. पण त्याच तर्कानं रिकामा विमानतळ अधिक घातक ठरतो. रिकाम्या विमानतळावर लागणारी सवय अशी की पट्टी आपलीच आहे, टॅक्सीवेच्या वळणावर पाहायची गरज नाही, परवानगी हा उपचार आहे. सदोष गर्दी निदान दुसऱ्याचं अस्तित्व गृहीत धरायला लावते. व्यावसायिक प्रशिक्षणाच्या मोठ्या सिम्युलेटरांतही ही उणीव दीर्घकाळ होती. प्रशिक्षकच नियंत्रकाचा आवाज काढायचा आणि इतर विमानं नावापुरती असायची. तिथेही आता कृत्रिम हवाई वाहतूक आणि नियंत्रणाचं वातावरण उभं करण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या प्रशिक्षण सिम्युलेटरविषयक निकषांत त्याची दखल घेतलेली आहे. ज्या क्षेत्रात एकेका तासाच्या प्रशिक्षणाचा काटेकोर हिशेब ठेवतात, तिथे कोणी सजावटीवर वेळ घालवणार नाही.

चौथा आक्षेप खिशाचा आणि यंत्राचा आहे. प्रत्येक जादा विमान प्रोसेसरवर भार टाकतं, पडद्यावरची हालचाल अडखळते, आणि उतरताना अडखळणारा पडदा एकटेपणापेक्षा वाईट. यावर स्वयंसेवकांनी शोधलेला तोडगाच मुद्दा सिद्ध करतो. त्यांनी या विमानांसाठी मुद्दाम कमी तपशिलाचे साचे बनवले: कॉकपिट नाही, आसनं नाहीत, दूर गेल्यावर आणखी साधं होणारं धड. जवळून ही विमानं बेगडी दिसतात. तरीही त्यांनी भरलेला विमानतळ एका अतिशय देखण्या, एकट्या विमानापेक्षा अधिक पटतो. म्हणजे पटण्याचं कारण तपशिलात नव्हतंच. प्रत्येक विमानाला एक टक्केवारी देण्याची सोयही जुन्या यंत्रणेत आहे. वापरणाऱ्यानं रहदारीची मर्यादा साठ टक्क्यांवर ठेवली तर त्याहून वरचा आकडा दिलेली विमानं येत नाहीत. त्यामुळे यादी लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं की गर्दी कमी करायची वेळ आली तर कोण राहील आणि कोण जाईल. मुंबईत २०२४ मध्ये हालचाल कमी करताना खाजगी आणि बिगर-नियमित विमानांच्या वेळांवरही कात्री चालवली गेली. यादीतला आकडा आणि मंत्रालयाचा आदेश एकाच प्रश्नाचं उत्तर देत होते.

या वेळापत्रकांचं आणखी एक मोल आहे, आणि ते बहुधा त्यांच्या लेखकांच्याही मनात सुरुवातीला नसावं. २००५ नंतरच्या दहा-वीस वर्षांत भारतीय आकाशाचा चेहरा पुन:पुन्हा बदलला. किंगफिशर २००५ मध्ये आली आणि २०१२ मध्ये थांबली. इंडिगोचं पहिलं विमान ऑगस्ट २००६ मध्ये उडालं. इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण एप्रिल २०१९ मध्ये झालं, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बसली, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात मिसळली. कंपनी बंद पडली की तिचं संकेतस्थळ जातं, छापील वेळापत्रकं रद्दीत जातात. त्या कंपन्यांची कोणती विमानं कोणत्या वारी कुठून कुठे जात, रात्री कुठे मुक्काम करत, याची सलग मांडणी शौकिनांच्या फाइलींमध्ये शिल्लक आहे. त्यातल्या नोंदी संशोधकानं तपासूनच घ्याव्यात. काही अंदाजानं भरलेल्या असतात. पण थेट माहितीच्या प्रवाहाला भूतकाळ नसतो. तो फक्त आत्ता दाखवतो आणि पुढच्या मिनिटाला विसरतो. २००८ च्या मुंबईत रांगेत उभं राहायचं असेल तर मजकुरी यादीला पर्याय नाही.

भविष्याचंही तसंच. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरच्या अखेरीस तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता असलेला हा विमानतळ सहारपासून, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळापासून, हवाई अंतरानं फार लांब नाही; दोन्हींकडे येणारी आणि दोन्हींकडून जाणारी विमानं एकाच आकाशातून एकमेकांना चुकवत जाणार आहेत. सिम्युलेटरमध्ये नवी मुंबईची इमारत उभी करणारे अनेक निघतील. ते चित्र पाहून कोणालाही काही समजणार नाही. समजेल ते कोणीतरी मुंबईच्या यादीतल्या काही ओळी उचलून नवी मुंबईत नेईल तेव्हा: सहारच्या पट्टीवरचा ताण किती हलका होतो, की मोकळी झालेली जागा लगेच दुसरं कोणी भरून काढतं, दोन विमानतळांत विभागलेल्या ताफ्याची साखळी कुठे तुटते, आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जायचं असलेल्या प्रवाशाचं काय होतं. हे प्रश्न शहर नियोजनाचे आहेत आणि त्यांची कच्ची उत्तरं घरच्या संगणकावर मिळू शकतात.

म्हणून सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांकडून दृश्याच्या आणखी एका पायरीपेक्षा दुसरी गोष्ट मागितली पाहिजे. गेल्या काही वर्षांत रहदारी हळूहळू कंपन्यांच्या सर्व्हरकडे सरकली आहे. सोय वाढली, पण आपण पट्टीवर का थांबलो आहोत हे वापरणाऱ्याला तपासता येणं कमी झालं. विमान दिसतं, त्यामागची ओळ दिसत नाही. ती बदलून काय होतं हे पाहता येत नाही. आणि सर्व्हर बंद झाला की सगळंच जातं. रहदारीची यादी, पार्किंगची त्रिज्या, पट्टी निवडण्याचा नियम, दोन विमानांमधलं अंतर हे सगळं वाचता आणि बदलता येईल अशा साध्या मजकुरात उघडं ठेवणं कंपन्यांना अवघड नाही. वीस वर्षांपूर्वी शौकिनांनी स्वतःची साधनं लिहून ते करून दाखवलं होतं. विमानतळांवर आपण सगळेच वाट पाहतो, वैतागतो आणि दोष कोणाला द्यायचा हे न कळून गप्प बसतो. ज्यानं एकदा स्वतःच्या हातानं एका विमानतळाची रांग लिहिली आहे, त्याला तो दोष पट्टीचा, पार्किंगचा, वेळापत्रकाचा की लोभाचा हे बऱ्यापैकी सांगता येतं.